बिनकडीचं घर

राजाजीनगर, बंगळूर, २० जुलै

चि. रम्या,

फोन तू उचलत नाहीस. मेसेज केला की दोन निळ्या रेघा येतात आणि पुढं सगळं सामसूम. म्हणून कागदावर लिहितेय. कागद मधेच कट करता येत नाही, आणि फाडायचा म्हटला तरी आधी माणूस वाचतोच. तू तर वाचशीलच, तुला मी ओळखते.

तुझा मेसेज मिळाला. "१२ सप्टेंबरला पद्मनाभशी रजिस्टर लग्न करतेय. यायचं तर एकटी ये. अप्पांना आणू नकोस." बस्स. अगं, करंटवाल्यांचा बिल भरल्याचा मेसेजसुद्धा याच्याहून लांब असतो! राग नाही आला. म्हणजे आला, स्वल्प आला, पण मग मी देवापुढं साखर ठेवली. तू पुन्हा संसार मांडतेयस याचा मला आनंद झाला, रम्या. इतका झाला की गॅसवर डाळ होती हेच विसरले आणि घरभर करपट वास. तुझे अप्पा विचारत होते, काय झालं. म्हटलं, डाळ करपली. एवढंच सांगितलं.

मग पंचांग काढलं. बारा सप्टेंबर म्हणजे पितृपक्ष! अय्यो, वर्षात एवढे दिवस पडलेत आणि तुला नेमका पितरांचा पंधरवडा सापडला? म्हणशील, तेव्हा रजिस्ट्रारकडं गर्दी नसते. नसणारच की! कोण शहाणा त्या दिवसांत लग्न करतो? पण सरी, असू दे. तारीख तुझी, लग्न तुझं. यावर मी अवाक्षर काढणार नाही. काढलं ते काढलं.

आता मुद्द्याचं. मी तुझं रुखवत करणार आहे.

शेजारची सुप्रीता म्हणाली, अक्का, दुसऱ्या लग्नाला कुठं रुखवत असतं? मी म्हटलं, नसतं असं कुठं लिहिलंय ते दाखव. आणि पहिल्याचं तरी कसलं रुखवत होतं गं? हॉलवाल्यानंच मांडलेलं. थर्माकोलचा बंगला, त्याला दिव्यांची माळ, अंगणात प्लास्टिकची गाय. जेवणाच्या पंगती उठल्या तसा तो बंगला त्यानं टेम्पोत भरून परत नेला. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच कुणाच्या लग्नात उभा राहिला असेल. तुझं घर टेम्पोत चढताना मी बघत राहिले होते, पण तेव्हा लाडू बांधून द्यायची घाई होती.

या वेळी घर मी स्वतः विणणार. क्रोशाचं. मांडीवर मावेल एवढं, भिंती पांढऱ्या, छप्पर विटकरी, दारात तुळस. दोरा आणला. सुई माझ्या लग्नातली, पोलादी, अजून गंजली नाही. तूही गंजू नकोस, उत्तर लिही.

तुझी अम्मा

४ ऑगस्ट

चि. रम्या,

उत्तर नाही. असू दे. जमीन विणून झाली. चौकोन काढायला गेले आणि एक बाजू फुगली, उसवली, परत घातली. आता भिंती. मुके खांब घालतेय. लहानपणी तू विचारायचीस, अम्मा, खांब मुका कसा असतो? आखूड असतो, दोऱ्याचा वेढा न घेता घालायचा, गच्च बसतो आणि हलत नाही. तुझे अप्पा बघ ना, तसेच.

त्यांनी काल विचारलं, "काय विणतेस? टीपॉयवर घालायला?"

म्हटलं, "रम्याचं घर. बारा सप्टेंबरला तिचं लग्न आहे. मी जाणार आहे."

तू म्हणाली होतीस अप्पांना आणू नको, सांगू नको असं नव्हतं. मी सांगितलं. ज्या माणसाच्या ताटात रोज भाकरी वाढते त्याच्यापासून मुलीचं लग्न लपवायचं, हे मला जमायचं नाही. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. म्हणाले, "पितृपक्ष आहे." आणि दुकानात निघून गेले. रविवार होता, दुकान बंद असतं. बंद दुकानात शटर अर्धं ओढून बसले.

मंडळाच्या हॉलमधलं मी विसरलेय असं समजू नकोस. तू रणजीतचं घर सोडून आमच्याकडं आलीस त्यालाच महिना झाला नव्हता. समाजाचा कार्यक्रम, सगळी आपली माणसं. कुणीतरी विचारलं, रम्या कुठं असते, आणि हे म्हणाले, "जावईबापूंबरोबर सिंगापूरला." तू पाठीमागं केळीची पानं घेऊन उभी होतीस. पानं खाली ठेवलीस, घरी आलीस, बॅग भरलीस आणि बेळ्ळंदूरला गेलीस. घरात असलेल्या पोरीला बापानं परदेशी धाडून दिलं! मला त्या दिवशी त्यांचा असा संताप आला होता की दोन दिवस मी त्यांच्याशी फक्त "जेवा" एवढंच बोलले. तुला मी हे कधी बोलले नाही, कारण तू म्हणतेस मी अप्पांची वकील. नाही बाई. मी कुणाची वकील नाही. पण त्या बाराव्या तारखेला तुझे आईबाप दोघंही तिथं असले पाहिजेत, हे मी ठरवलंय. तुझी परवानगी नंतर घेते.

काल रात्रीचं जेवण झाल्यावर त्यांना म्हटलं, दुकानातलं एक लेबल द्या. घराच्या दारावर पाटी म्हणून लावते. ते आपलं निळ्या रेशमी पट्टीवर 'येसाजी टेलर्स, राजाजीनगर' विणलेलं, त्यांच्या आजोबांच्या नावाचं. तू लहानपणी त्याचे बाहुलीला पट्टे करायचीस आणि ओरडा खायचीस.

तर म्हणतात कसे, "लेबल मागून मिळत नाही. काम पुरं होऊ दे. मी चारी बाजूंनी बघणार. पटलं, तर लागतं. आजोबांचं नाव आहे ते."

एवढा गर्व त्या बोटभर पट्टीचा! पण खरंय, एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकानं घाई करून अस्तर हलकं घालायला लावलं, तर कोट शिवून दिला पण लेबल लावलं नाही. गिऱ्हाईक भांडलं. हे म्हणाले, कोट तुमचा, नाव आमचं.

बघू. मीही येसाजींच्या घरात उगीच नाही म्हातारी झाले.

तुझी अम्मा

१० ऑगस्ट

चि. रम्या,

आला बाई एकदाचा तुझा मेसेज! "अम्मा, रुखवत-बिखवत नको प्लीज. रजिस्ट्रार ऑफिसमध्ये मांडायला टेबलसुद्धा नसतं."

टेबल नसेल तर मांडीवर घेऊन बसेन. मांडी माझी मी घेऊन येतेच आहे.

भिंती उभ्या झाल्या. दोन खिडक्या ठेवल्या, एक पूर्वेला. छप्पर निराळं विणून वर टोपीसारखं ठेवायचं, उचललं की आतलं दिसावं. दाराला आधी मी बटण आणि फासा करणार होते, कडीसारखा. छोटंसं मोत्याचं बटण शोधलंसुद्धा. ते शिवता शिवता तुझ्या सासरचं येलहंक्याचं घर डोळ्यापुढं आलं. ऑफिसातून यायला उशीर झाला की आतून कडी. तू पायरीवर लॅपटॉपची बॅग मांडीवर घेऊन बसलेली, रणजीतची मर्जी होईपर्यंत. तू हे मला किती वर्षांनी सांगितलंस! बटण कापून टाकलं. फासाही उसवला. या घराला कडी नाही. दार ढकललं की उघडतं.

आणि घर रिकामं कसं द्यायचं? म्हणून मी गोंबे आणायला जाणार आहे.

तुझ्या पद्मनाभला हे कळणार नाही, तो पुण्याचा. त्याला सांग, आमच्याकडं लग्नात मुलीला आई रक्तचंदनाच्या बाहुल्यांची जोडी देते, राजा आणि राणी. पट्टद गोंबे म्हणतात. दसऱ्याला पायऱ्या मांडून सगळ्यांच्या वरती त्या जोडीला बसवायचं. ती मुलीची असते, सासरची नव्हे. तू येलहंक्याहून निघालीस तेव्हा अंगावरच्या कपड्यांनिशी निघालीस, जोडी तिथंच राहिली. दोन दसरे झाले, त्या घरात ते दोघं मांडले जातायत आणि तुझ्या घरात काही नाही. हे काही बरोबर नाही. माझ्या आईनं मला दिलेली जोडी माझ्याकडं आहे, मी दिलेली तुझ्याकडं हवी.

"जाऊ नको" असा मेसेज टाकशील. टाक. पत्र तुझ्या हातात पडेपर्यंत मी जाऊन आलेली असेन.

अम्मा

१७ ऑगस्ट

चि. रम्या,

जाऊन आले.

मॅजेस्टिकहून बस धरली, बायकांचं तिकीट नसतं म्हणून बसायला जागाही नसते. हेब्बाळच्या पुलावर बस अशी थांबली की मी तिथंच छपराची एक ओळ विणून काढली. कंडक्टर म्हणाला, अम्मा, स्वेटर का? म्हटलं, नाही रे, घर बांधतेय. तो म्हणाला, बंगळूरात एवढंच परवडतं. हुशार पोरगा!

विहीणबाईंनी दार उघडलं. त्यांना वाटलं कोर्टाचं काही निघालं. मी म्हटलं, रम्याचे गोंबे न्यायला आलेय. कॉफी दिली त्यांनी. वाईट बोलायचं नाही, कॉफी चांगली होती. मग म्हणाल्या, "जोडी एकदा पायरीवर बसली की उठवायची नसते. आणि जोडी फोडायची तर मुळीच नसते."

म्हटलं, "जोडी कुणी फोडली ते तुम्ही नि मी इथं बसून ठरवू या का? मला वेळ आहे. बस संध्याकाळपर्यंत मिळते."

त्यांनी आत जाऊन ट्रंक उघडली. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले दोघं आणून मांडीवर ठेवले. मी हात पुढं केला, तर राजा उचलून त्यांनी छातीशी धरला. "राणी न्या. राजा मुलाकडचा. राजा देणार नाही."

अगं, दोन्ही मीच दिलेले, मीच निवडलेले. कुठल्या शास्त्रात राजा मुलाकडचा असतो? क्षणभर वाटलं हिसकावूनच घ्यावा. पण मग त्यांच्याकडं बघितलं. रणजीत हल्ली तिथं राहत नाही म्हणे, आईशी बोलतही नाही. त्या लाकडाच्या राजाला त्यांनी असं धरलं होतं जणू कुणी घरातलं माणूसच न्यायला आलंय. मला दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. म्हटलं, "ठेवा. कडी लावून बसणारा राजा तुम्हालाच लखलाभ."

लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले.

राणी पिशवीत घातली. निघताना फाटकापाशी बघितलं, राणीच्या अंगावर नवं कोरं लुगडं, बारीक जरीकाठाचं. मी दिलं तेव्हा हिरवं होतं, हे जांभळं. त्यांनी दर दसऱ्याला बदललंय. हेही तुला सांगितलं पाहिजे, नाहीतर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल. "तिला सांगा," असं म्हणाल्या त्या. मग काही सांगितलंच नाही. मी थोडा वेळ थांबले आणि निघाले.

घरी येऊन राणीला घराच्या दारात उभी केली. तर काय! दार राणीच्या कपाळाला लागतंय. आठवणीतल्या मापानं विणलं होतं, आठवणीत राणी ठेंगणी झाली होती. सुप्रीता म्हणाली, "अक्का, स्वल्प वाकडी करून घाला ना आत. नाहीतर छपरातून सोडा."

मी म्हटलं, "वाकवून घालायचं असतं तर येलहंकाच काय वाईट होतं?"

दोरा ओढला. वरची सगळी ओळ न ओळ उसवत दारापर्यंत आले. क्रोशाचं एक बरं असतं, ओढलं की रडत नाही, सुटत जातं. आता दार उंच करतेय. राणी ताठ चालत आत जाईल. राजाचं काय करायचं ते तू आणि पद्मनाभ बघा. नसला तरी घर राणीचं आहे.

तुझे अप्पा राणीकडं बराच वेळ बघत होते. म्हणाले, "एकटीच आणलीस?" म्हटलं, "हो. एकटीच आली होती ती. तेव्हा तुम्ही सिंगापूरला पाठवलीत, आता मी घरात घेतेय." जेवले नाहीत नीट. मला वाईट वाटलं, पण शब्द परत घेतला नाही.

अम्मा

२९ ऑगस्ट

रम्या,

गणपती झाले आणि माझ्या घराचं वाटोळं झालं.

नीट सांगते. विणकाम पुरं झालं. दार उंच, खिडक्या ऐसपैस, छपरावर विटकरी खवले, तुळशीला हिरवे ठिपके. पण उभं राहीना. सुती दोराच तो, भिंती गुडघ्यात मोडल्यासारख्या बसायच्या. सुप्रीतानं मोबाइलवर एक बाई दाखवली, ती साखरेच्या पाकात बुडवून क्रोशा कडक करत होती. झालं कडक! असं झालं की टिचकी मारली तर टणटण वाजावं. मी खूश. देवघराशेजारच्या फळीवर वाळत ठेवलं, आणि गणपतीच्या मोदकांच्या नादात दोन दिवस तिकडं बघितलंच नाही.

मुंग्या. लाल मुंग्या, रम्या! खिडकीतून आत, दारातून बाहेर, तुळशीवर चढलेल्या, एक सबंध रांग देवघरापासून छपरापर्यंत. राणी सोडून सगळं त्यांचं झालं होतं. पाण्यात टाकलं तर पाक विरघळला, विटकरी रंग पांढऱ्या भिंतींवर उतरला, आणि हातात राहिलं ते भांडी पुसायच्या फडक्यासारखं. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून रडले. मोठ्यानं रडले, लहान मुलासारखी. मुंग्यांसाठी नाही गं. दोन वर्षांचं सगळं एकदमच आलं. अप्पा दारात येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, परत गेले. मुका खांब मेला!

मग उठले. तोंड धुतलं. पांढरा दोरा नवीन आणला. भिंती परत घालतेय, सगळ्या. छप्पर तेवढं वाचलंय. दिवस थोडे आहेत, पण माझे हात अजून शाबूत आहेत.

आणि ऐक, तुझ्या पद्मनाभचा फोन आला होता. "काकू, मी पद्मनाभ बोलतोय. ॲक्च्युअली रम्याला सांगू नका हं मी फोन केला म्हणून." त्यामुळं लगेच सांगतेय. म्हणाला, "ती तुमची पत्रं मला मोठ्यानं वाचून दाखवते. कंडक्टरवर इतकी हसली! आणि राणीचं वाचलं ना, तेव्हा बाल्कनीत जाऊन उभी राहिली. ॲक्च्युअली मला एवढंच विचारायचं होतं, की मी राजाबद्दल काही करायला हवं का?"

मी म्हटलं, "तू फक्त घरी लवकर येत जा, आणि तिला उशीर झाला तर दार उघड."

म्हणाला, "काकू, आमच्याकडं दोघांकडं किल्ल्या आहेत."

मला हा मुलगा आवडला. ॲक्च्युअली स्वल्प जास्त म्हणतो, पण आवडला.

अम्मा

७ सप्टेंबर

चि. रम्या,

काल सकाळी उठले, फळीवर घर नव्हतं. भिंती मी आदल्या दिवशी पुऱ्या केल्या होत्या, छप्पर शेजारी ठेवलं होतं. काहीच नव्हतं. मला वाटलं आता उंदीर! शोधत शोधत बाहेरच्या खोलीत आले तर तुझे अप्पा मशीनपाशी बसलेले, मांडीवर तुझं घर.

भिंतींच्या आतून त्यांनी बकरम बसवलंय. कोटाच्या कॉलरला घालतात ते. प्रत्येक भिंतीचं माप घेऊन, खिडक्यांच्या जागा कापून, कडेनं हातानं बारीक टाका घातलाय. बाहेरून शोधून दिसत नाही. घर आता असं ताठ उभं आहे की हात फिरवला तरी हलत नाही. मी काही बोलणार इतक्यात तेच म्हणाले, "साखर काय घालतेस? कॉलर काय आम्ही साखरेनं उभी करतो?"

मग दाराकडं बोट दाखवून विचारलं, "याला बटण नाही लावलंस?"

म्हटलं, "नाही. कडी नको या घराला." आणि पायरीचं सगळं सांगितलं. त्यांना माहीत नव्हतं, रम्या. तू मला सांगितलं होतंस, त्यांना सांगायची हिंमत आपल्या दोघींनाही झाली नव्हती. ते ऐकत राहिले. कातरी हातात तशीच.

मग ती खाली ठेवून म्हणाले, "त्यांनी बाहेर बसवली. आणि मी लोकांत तिला परदेशी पाठवली. म्हणजे मीही कडीच लावली की."

गेली दोन वर्षं मी ज्या वाक्याची वाट बघत होते ते त्यांनी आपण होऊन म्हटलं. डोळे भरून आले. चहा टाकला.

चहा पिताना विचारलं, "येणार ना मग बारा तारखेला?" तर मान हलवली. पितृपक्ष आहे, मंडळातले काय म्हणतील, दुकान आहे. सगळं सांगून झालं. मग हळूच खरं सांगितलं. "तिनं 'आणू नकोस' म्हटलंय ना. कुठल्या तोंडानं जाऊ?"

म्हटलं, "याच तोंडानं. दुसरं कुठं आहे तुमच्याकडं?"

हसले नाहीत. पण मशीनवरचं कापड बाजूला करून घर नीट मधोमध ठेवलं आणि चारी बाजूंनी बघितलं. मग उलटं करून बघितलं. लेबलाचं मी विचारलं नाही. त्यांनीही काढलं नाही.

अम्मा

१२ सप्टेंबर, सकाळी

रम्या,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. घडी करून घरात ठेवतेय, राणीच्या पायाशी. म्हणजे तू छप्पर उचललंस तेव्हाच हे तुझ्या हाताला लागलंय.

आता थांब. छप्पर खाली ठेवू नकोस. उलटं करून आतून बघ.

दिसलं?

मी आज पहाटे उठून छप्पर झटकायला घेतलं तेव्हा दिसलं. निळी पट्टी, येसाजी टेलर्स, राजाजीनगर. चारी कडांनी असा टाका घातलाय की नखानंही उचकटायचा नाही. मी आयुष्यभर त्यांचा टाका बघत आलेय, इतका बारीक त्यांनी कुणाच्या लग्नाच्या कोटालाही घातलेला नाही.

आंघोळ करून आले तेव्हा विचारलं, "हे काय? पितृपक्षात?"

तर म्हणतात, "मग? आजोबा या दिवसांत घरी येतातच जेवायला. त्यांचं नाव लावलं तर कुठं बिघडलं?" आणि मग माझ्याकडं न बघता, "काम पुरं झालंय. चारी बाजूंनी बघितलं मी. आमचंच आहे ते."

मी त्यांना कोट काढून दिला. म्हणाले, उगीच कशाला, पण घातला. काल मंडळात कुणीतरी विचारलं म्हणे, उद्या दुकान बंद का? यांनी सांगितलं, "माझ्या मुलीचं लग्न आहे. इथंच, बंगळूरात." एवढंच म्हणून आले. येऊन मला सांगितलं आणि पाणी मागितलं. सबंध तांब्या प्यायले.

आता ते रिक्षा बघायला खाली गेलेत, म्हणून घाईत लिहितेय. तू म्हटलंस एकटी ये. मी तुझ्या शब्दाबाहेर गेले, जाणारच होते. ते मात्र तुझ्या शब्दाबाहेर जायला तयार नाहीत. त्यांनी ठरवलंय, ऑफिसच्या फाटकाबाहेर उभं राहायचं. "आत तिनं बोलावलं तर. नाहीतर तिथूनच हात जोडून परत येईन." मी आत येईन, घर मांडीवर घेऊन बसेन, टेबल असो नसो. तू छप्पर उचलशील. हे वाचशील.

वाचून झालं असेल तर आता ऊठ, बाळ. सही करायच्या आधी ऊठ. फाटकाकडं तोंड करून एक हाक मार. अप्पा, एवढंच. हळू मारलीस तरी चालेल. दोन वर्षं ते तेवढंच ऐकायला कान लावून बसलेत.

तुझी अम्मा